मागच्या खोलीच्या भिंतीवर काळी बुरशी चढली आहे. ती विषारी असेल का?

वर्धाकाठची गृहिणी (आर्वी तालुका)

नमस्कार. आमच्या घराचा पुढचा भाग सासऱ्यांच्या काळातला, माती-विटांचा आणि कवेलूंचा आहे. मागे आठ वर्षांपूर्वी स्लॅबची एक खोली बांधली. त्या खोलीत माझा सात वर्षांचा मुलगा त्याच्या आजीजवळ झोपतो, आणि जागेच्या अडचणीमुळे तुरीचे व उन्हाळी भुईमुगाच्या शेंगांचे कट्टेही तेथेच भिंतीला टेकवून ठेवावे लागतात. जुलैत सलग नऊ दिवस झड लागली होती. ती उघडल्यावर लोखंडी कपाट पुढे ओढले, तेव्हा त्याच्यामागची भिंत कमरेपासून थेट छतापर्यंत काळ्या-हिरव्या ठिपक्यांनी भरलेली दिसली. खोलीत कुबट वास तर आधीपासूनच येत होता, पण आम्ही तो कट्ट्यांचा समजत होतो.

गेल्या वर्षी याच भिंतीवर थोडे डाग आले होते. माझ्या यजमानांनी ते कोरडेच खराट्याने खरवडले, धूळ बाहेर जावी म्हणून पंखा लावला आणि वरून ऑइलपेंट मारला. या वर्षी त्या रंगाचेच फुगे येऊन पोपडे निघत आहेत.

मुलाला महिनाभरापासून रात्री खोकला येतो आणि पहाटे छातीतून शिटीसारखा आवाज येतो. राखीला आम्ही माझ्या माहेरी पाच दिवस होतो, तेथे तो एकदाही खोकला नाही. परत आल्यावर दुसऱ्याच रात्री पुन्हा सुरू झाले. सासूबाईंना साखरेचा आजार आहे, आणि शेजारच्या बाया म्हणतात की हीच ती करोनाच्या वेळची काळी बुरशी. त्या ऐकून आजी इतक्या घाबरल्या आहेत की ओसरीत झोपतात. शहरातील एका दुकानदाराने भिंतीचा नमुना तपासून देतो आणि औषध फवारतो असे सांगून मोठी रक्कम मागितली आहे. ही बुरशी विषारी आहे का, ती तपासून घ्यावी का, आणि खोलीचे नेमके काय करावे, हे कृपया कोणी अनुभवी व्यक्तीने सांगावे.

निवृत्त परिचारिका (अमरावती)

ताई, प्रथम आजींची भीती दूर करते. २०२१ साली ज्या आजाराला आपण सर्व जण काळी बुरशी म्हणत होतो, तो म्युकरमायकोसिस होय. त्यातील ‘काळी’ हा शब्द बुरशीच्या रंगावरून आलेला नाही. रक्तपुरवठा तुटून नाकातील किंवा टाळूवरील भाग मृत होतो आणि काळा पडतो, त्यावरून तो आलेला आहे. त्या आजाराच्या बुरशीचे बीजकण माती, शेणखत आणि कुजलेला पालापाचोळा यांत सर्वत्र असतात आणि आपण सगळेच ते श्वासावाटे घेत असतो. ज्यांची साखर फार वाढलेली होती किंवा ज्यांना स्टेरॉइडची औषधे मोठ्या प्रमाणात द्यावी लागली होती, त्यांनाच प्रामुख्याने तो आजार जडला. तेव्हा भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तो आजार नव्हे. तरीही आजींनी ओसरीत झोपणे सुरूच ठेवावे, भिंत साफ करण्याच्या कामाला अजिबात हात लावू नये, आणि या आठवड्यात साखर तपासून घ्यावी. चेहऱ्याची एक बाजू सुजणे, नाकातून काळसर स्राव येणे किंवा एकाची दोन दिसणे, यांपैकी काहीही झाले तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता विषारीपणाबद्दल. ज्या बुरशीला जगभर विषारी म्हटले जाते तिचे नाव स्टॅकीबॉट्रिस. १८३७ साली प्रागमधील एका घराच्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदावरून तिचे पहिले वर्णन झाले. कागद, गवत, पुठ्ठा, कुटार अशा वस्तू दीर्घ काळ भिजत राहिल्या की त्यांच्यावर ती वाढते. १९९० च्या दशकात अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात काही तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांतून रक्तस्राव झाला आणि त्याचा दोष या बुरशीवर आला, तेव्हापासून तिची दहशत पसरली. पुढे २००० साली तेथील सरकारी रोगनियंत्रण केंद्राने ते काम पुन्हा तपासले, तेव्हा तो संबंध सिद्ध होत नाही असा निष्कर्ष निघाला. विटांच्या भिंतीवर दिसणारी काळी बुरशी बहुतेक वेळा वेगळ्याच, सामान्य जातींची असते, आणि नुसत्या रंगावरून जात ओळखता येत नाही.

याचा अर्थ ती निरुपद्रवी आहे असा मात्र घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शिका काढली. दमा, खोकला, श्वासातील घरघर आणि ॲलर्जी यांच्याशी ओलसर घराचा संबंध असल्याचे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे. मात्र हवेत इतके बीजकण असले तर चालतील, असा कोणताही सुरक्षित आकडा त्या संघटनेला ठरवता आलेला नाही. म्हणूनच नमुना तपासण्यावर पैसे घालवू नका. अहवालात कोणतेही नाव आले तरी करायचे काम तेच राहते: ओल थांबवणे आणि बुरशी काढून टाकणे.

माझे खरे लक्ष आपल्या मुलाकडे आहे. माहेरी खोकला थांबला आणि घरी परतताच सुरू झाला, ही आपण टिपलेली गोष्ट डॉक्टरांना अगदी याच शब्दांत सांगा, कारण कोणत्याही तपासणीपेक्षा ती जास्त बोलकी आहे. त्याला आजच त्या खोलीतून हलवा. महिनाभराचा खोकला आणि शिटीचा आवाज ही लक्षणे दम्याकडे बोट दाखवतात, पण दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर क्षयाची तपासणीही झालीच पाहिजे. ती सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. डॉक्टरांनी पंप दिला तर कृपया घाबरू नका. पंपाची सवय लागते, हा समज आपल्या भागात फार खोलवर रुजला आहे आणि त्यापायी मी कितीतरी मुले विनाकारण धापा टाकताना पाहिली आहेत. पंपातून औषधाची अगदी थोडी मात्रा थेट श्वासनलिकेत जाते. तेच औषध गोळीतून दिल्यास पुष्कळ जास्त द्यावे लागते. इतक्या लहान मुलाला पंप स्पेसरच्या नळकांड्यातून द्यायचा असतो, तो मागून घ्या.

सेलूचा वाचक

आमच्याकडे ग्रामपंचायतीची ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र कालवून भिंतीवर मारतात. एका दिवसात भिंत पांढरी होते. आपणही करून पाहावे.

निवृत्त परिचारिका (अमरावती)

ताई, हे कदापि करू नका, आणि सेलूच्या भाऊंनीही यापुढे करू नये अशी माझी हात जोडून विनंती आहे. ब्लीचिंग पावडरमध्ये ॲसिड पडले की क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत तो फुप्फुसे जाळतो, आणि दमेकरी माणसाच्या जिवावर बेतू शकते. अमोनिया असलेल्या काच पुसण्याच्या द्रावणाबरोबरही ब्लीचिंग मिसळायचे नसते. भिंत पांढरी होते ती डागाचा रंग उडाल्यामुळे. प्लास्टरच्या आत मुरलेल्या बुरशीपर्यंत ते पुरेसे पोहोचत नाही, आणि मेलेल्या बुरशीचे कणसुद्धा ॲलर्जी करतातच. त्यामुळे मारण्यापेक्षा पुसून घराबाहेर काढणे महत्त्वाचे आहे, आणि त्यासाठी कपड्यांच्या साबणाचे पाणी पुरते.

साफसफाईची पद्धत सांगते. गेल्या वर्षी आपल्या यजमानांनी कोरडे खरवडून वर पंखा लावला, त्यामुळे बीजकण घरभर पसरले असणार. या वेळी मूल आणि आजी घरात नसताना काम करावे, पंखा बंद ठेवावा, घरात उघडणारे दार लावून घ्यावे आणि बाहेरची खिडकी उघडी ठेवावी. नाकाला साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावावा. हातांत रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. आधी साबणाच्या पाण्याने भिंत भिजवावी, नंतर ब्रशने घासावी, आणि निघालेला मळ ओल्या फडक्याने टिपून ते फडके प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकावे. सुटलेले पोपडेही ओले करूनच काढावेत. साधारण तीन फूट बाय तीन फूट एवढ्या जागेपर्यंत घरच्या माणसाने हे काम करण्यास हरकत नसते. आपली भिंत त्याहून मोठी आहे, म्हणून दोन-तीन दिवसांत थोडे थोडे करावे, आणि दम लागणाऱ्या कोणीही त्यात पडू नये. कापसाच्या गाद्या आणि उशा बुरसल्या असतील तर त्यांचा मोह सोडा. आतपर्यंत गेलेली बुरशी धुऊन निघत नाही.

गवंडीकाम (यवतमाळ जिल्हा)

ताईंना नमस्कार. मी सव्वीस वर्षे घरे बांधतो आणि दुरुस्त करतो. बाईंनी आरोग्याचे सर्व सांगितले आहे, मी पाण्याचे सांगतो, कारण पाणी सापडल्याशिवाय घासलेली भिंत पुढच्या झडीत पुन्हा काळी होईल. बुरशीचे बीज हवेत नेहमीच असते, ते आपल्याला संपवता येत नाही. त्याला पाणी न देणे एवढेच आपल्या हातात आहे.

भिंतीवर दोन वेगळ्या गोष्टी दिसतात आणि लोक दोन्हींना बुरा म्हणतात. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत पांढरी, मिठासारखी पावडर फुलत असेल तर तो लोणा आहे, बुरशी नव्हे. बोटावर घेऊन पाण्यात टाकला तर तो विरघळतो. पायव्यातून चढणाऱ्या पाण्याबरोबर मातीतील क्षार वर येतात आणि पाणी उडाले की भिंतीवर राहतात. जुन्या घरांना ओल अडवणारा काँक्रीटचा पट्टा, ज्याला आम्ही डीपीसी म्हणतो, तो नसतो, त्यामुळे तेथे हे फार दिसते. शिवाय गावात सिमेंटचे रस्ते वरचेवर चढत गेल्यामुळे अनेक घरांची जोती रस्त्याच्या खाली गेली आहेत आणि पावसाचे पाणी थेट भिंतीला लागते. आपल्या वर्णनात मात्र डाग कमरेच्या वर आणि छतापर्यंत आहेत. म्हणजे पायव्यातील ओल हे मुख्य कारण दिसत नाही. पाणी वरून झिरपत असेल, पलीकडून येत असेल, किंवा खोलीतील दमट हवाच थंड भिंतीवर पाणी धरत असेल.

यांतले कोणते, ते ओळखण्याची एक बिनखर्चाची रीत आहे. डाग पुसून भिंत वरवर सुकली की दीड फूट लांबी-रुंदीचा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या खोलीकडील बाजूला दिसले तर ओल हवेतली आहे. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडील बाजूला आले, तर पाणी भिंतीतून येत आहे. असे तुकडे दोन-तीन ठिकाणी लावा, कारण एकाच भिंतीला दोन्ही दुखणी असू शकतात.

भिंतीतून येत असेल तर तिच्या पलीकडे काय आहे ते पाहा. माझ्या अनुभवात दहांपैकी सहा-सात घरांत पलीकडे न्हाणी निघते. न्हाणीच्या आतले प्लास्टर पाणी अडवत नाही, आणि मोरीचा पाइप भिंतीत शिरतो तेथील सांधा सुटलेला असतो. स्लॅबवर चढून पाणी निघून जाण्याचे भोक पालापाचोळ्याने बुजले आहे का, आणि कठडा व स्लॅब यांच्या सांध्यात भेग आहे का, हेही पाहावे. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उथळ पायवा घालून बांधलेल्या भिंती त्या हालचालीने तडकतात. अशी बारीक तड बाहेरच्या प्लास्टरमध्ये केसासारखी दिसते, पण झडीच्या दिवसांत ती पुष्कळ पाणी पिते.

ओल हवेतली असेल तर तिचे मूळ राहण्याच्या रीतीत शोधावे लागेल. झडीत ओले कपडे खोलीत वाळत घालतो, नीट न वाळलेले धान्य आत असते, आणि आपल्याकडे उन्हाळा संपला तरी कूलर खिडकीतून निघत नाही. मे महिन्यातील कोरड्या हवेत कूलर ठीक आहे. श्रावणात त्याचा पाण्याचा पंप चालू ठेवणे म्हणजे आधीच भिजलेल्या हवेत आणखी पाणी सोडणे. कपाट भिंतीपासून किमान चार बोटे दूर असावे. खिडक्या सर्व वेळ उघड्या ठेवण्याचा फारसा उपयोग नाही, कारण झडीत बाहेरची हवाही तेवढीच दमट असते. ऊन पडले की दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडाव्यात आणि पाऊस लागला की लावाव्यात. बाजारात आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र काहीशे रुपयांत मिळते. काटा साठ टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी सहसा वाढत नाही. भर पावसाळ्यात तेवढे साधणे कठीण आहे, हे मान्य करतो, पण दिवसातील काही तास तरी तो खाली आणता येतो.

ऑइलपेंटबद्दल मला विशेष कळकळीने सांगायचे आहे, कारण ही चूक घरोघरी होते आणि पैसे खर्चून होते. ओल्या भिंतीवर ऑइलपेंट मारला की आतले पाणी बाहेर उडू शकत नाही, ते रंगाच्या मागे साचते आणि रंग फुगवून निघते. माती-विटांच्या जुन्या भिंतींवर सिमेंटचे प्लास्टर करूनही हेच होते. आपले वाडवडील दसऱ्या-दिवाळीला चुना मारत असत, त्यात मोठे शहाणपण होते. ताजा चुना तीव्र क्षारधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशी सहज धरत नाही, आणि चुन्यातून भिंतीला श्वासही घेता येतो. तेव्हा तो ऑइलपेंट संपूर्ण खरवडून काढावा लागेल. अर्धा ठेवून अर्धा काढू नका.

धानपट्टा (भंडारा जिल्हा)

ताईंच्या प्रश्नातील एका ओळीवर अजून कोणी बोललेले नाही, म्हणून लिहितो. त्या भिंतीला भुईमुगाच्या शेंगांचे कट्टे टेकलेले आहेत. भिंतीवरील बुरशीच्या विषाची चर्चा बरीच झाली, परंतु जे विष खरोखर पोटात जाऊ शकते ते या कट्ट्यांत असण्याचा धोका आहे. दमट शेंगांवर ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची पिवळसर-हिरवी बुरशी वाढते आणि ती अफ्लाटॉक्सिन तयार करते. हे विष यकृतावर आघात करते, दीर्घ काळ पोटात गेल्यास यकृताचा कर्करोगही होतो, आणि शिजवून, भाजून किंवा तळून ते नाहीसे होत नाही. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या भागांत पावसात भिजून बुरसलेला मका खाल्ल्याने काविळीची साथ आली आणि शंभरावर माणसे दगावली. ती माणसे गरीब होती, घरात दुसरे धान्य नव्हते म्हणून त्यांनी तो मका खाल्ला.

उन्हाळी भुईमूग आपल्याकडे पावसाच्या तोंडावर निघतो, त्यामुळे तो पुरता वाळण्याआधीच कट्ट्यांत भरला जातो. शेंग कानाशी हलवल्यावर दाणे खुळखुळले पाहिजेत. आता आपण सगळे कट्टे ओसरीत रिकामे करून पाहावेत. बुरसलेले, आकसलेले, रंग बदललेले किंवा कडवट लागणारे दाणे बाजूला काढावेत; एका कट्ट्यातील बराच माल तसा निघाला तर तो पूर्ण कट्टाच सोडावा. नुकसान मोठे आहे, मी जाणतो. पण तो माल तेलघाणीला देऊ नये आणि गुरांनाही घालू नये, कारण गाईने खाल्लेले हे विष बदललेल्या रूपात दुधात उतरते, आणि ते दूध पुन्हा आपल्याच मुलाच्या पेल्यात येते. बुरसलेल्या सरकी ढेपेबद्दलही हेच लागू आहे. असा माल खोल खड्ड्यात पुरावा.

उरलेले चांगले कट्टे उन्हात वाळवून, लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून दीड फूट अंतरावर ठेवावेत. शक्य असेल तर झोपण्याच्या खोलीत ठेवूच नयेत. नवे सोयाबीन घरात येईल तेव्हा हे विशेष लक्षात ठेवावे. खरेदी केंद्रावर बारा टक्क्यांहून जास्त ओलावा चालत नाही, तो आपल्या खोलीत तरी का चालवून घ्यावा?

वर्धाकाठची गृहिणी (आर्वी तालुका)

आपण सर्वांनी परक्या घरासाठी एवढे मनापासून लिहिले, त्याबद्दल मी ऋणी आहे. दोन महिन्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमा असावी. ग्रामीण रुग्णालयात मुलाची क्षयाची तपासणी झाली, ती निर्दोष निघाली. डॉक्टरांनी बालदमा सांगितला आणि स्पेसरसह पंप दिला. तो आता पुढच्या खोलीत झोपतो आणि तीन आठवड्यांपासून रात्रभर शांत झोपतो. आजींची साखर फार वाढलेली निघाली, त्यांची औषधे बदलली आहेत. ती तपासणी या निमित्ताने झाली नसती तर आम्हाला कळलेच नसते.

प्लास्टिकच्या तिन्ही तुकड्यांवर पाणी भिंतीकडील बाजूलाच निघाले. भिंतीपलीकडे न्हाणीच आहे. यजमानांनी न्हाणीचे प्लास्टर फोडले तेव्हा नळाच्या पाइपचा सांधा आतल्या आत ठिबकत असलेला सापडला. किती महिने ठिबकत होता कोण जाणे. पाइप बदलला, ऑइलपेंट पूर्ण काढला आणि भिंत बाईंनी सांगितल्याप्रमाणे धुतली. शेंगांचे दोन कट्टे पुरले. यजमान त्या दिवशी जेवले नाहीत.

एक शेवटचा प्रश्न आहे. दिवाळी बारा दिवसांवर आली आहे, भिंत वरून कोरडी लागते, आणि घरात सर्वांची इच्छा आहे की सणाला खोली रंगवून मुलाला पुन्हा तेथे न्यावे. चुना आता मारला तर चालेल का?

गवंडीकाम (यवतमाळ जिल्हा)

ताई, पाइप सापडला याचा फार आनंद झाला. पण चुना आता मारू नका. भिंत आतून सुकायला एका इंचाच्या जाडीला साधारण एक महिना धरतात. नऊ इंचांच्या भिंतीला, दोन्ही बाजूंनी हवा लागली तरी, चार-साडेचार महिने लागतील, आणि आपली भिंत जेमतेम दीड महिन्यापासून सुकते आहे. न्हाणीकडून नवे प्लास्टर केले असेल तर त्याहूनही जास्त. या दिवाळीला ती भिंत उघडीच राहू द्या, तिच्यापुढे काहीही ठेवू नका, आणि थंडीच्या कोरड्या हवेत दुपारी खिडक्या उघड्या टाका. संक्रांतीनंतर प्लास्टिकचा तुकडा पुन्हा लावून पाहा. दोन दिवसांनी तो दोन्ही बाजूंनी कोरडा निघाला तर चुन्याचे दोन हात मारा. ओला निघाला तर महिनाभर थांबून पुन्हा लावा, आणि तोवर मुलाचे अंथरूण पुढच्या खोलीतच असू द्या.